अर्थ आणि अर्थिंग

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. विजेशी आमचे नाते बटण दाबणे आणि महिन्याचे बिल भरणे इतकेच. त्यामुळे आमच्या दिवाणखान्यात टीव्हीखाली ‘पॉवर कंडिशनर’ नावाची काळी लोखंडी पेटी येऊन बसली, तेव्हा शेजाऱ्यांना तो नवा इन्व्हर्टर वाटला आणि सहकाऱ्यांना आमची चैन. खरे कारण सांगायला संकोच वाटत होता. ती पेटी आम्ही एका कॅसेटसाठी आणली होती.

कॅसेट १९९२ सालची आहे. आवाज आईचा, आमच्यापैकी एकाची ती जन्मदात्री, दुसरीची सासू. बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन ती सोलापुरात आली आणि साखर पेठेतल्या दोन खोल्यांत तिचा संसार झाला. बाबा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. बिघडलेला माग चालता करणे हे त्यांचे काम, म्हणून घरातला टेपरेकॉर्डरही त्यांच्याच अखत्यारीत असे. एका दुपारी त्यांनी आईला जात्यावरच्या ओव्या म्हणायला बसवले. पण नुसते बसून तिला ओवी आठवेना. हाताला खुंटा हवा होता. दळण गिरणीत जाऊ लागल्याला तेव्हा बरीच वर्षे झाली होती, तरी माळ्यावरचे जाते खाली काढले गेले, त्यात मूठभर ज्वारी पडली आणि मग तिचा गळा मोकळा झाला.

कॅसेटच्या पहिल्या बाजूवर आईच्या मागे तीन आवाज आहेत. एक जात्याची घरघर, दुसरा भिंतीपलीकडच्या मागांचा खडखडाट आणि तिसरा विजेचा सलग, खालच्या पट्टीतला घुमारा. कारण टेपरेकॉर्डर विजेवर लावलेला होता. पंचवीसेक मिनिटांनी आईचा आवाज एकाएकी बारीक, चिरका होतो आणि तुटतो. त्या क्षणी वीज गेली होती. मोटार मंदावताना फीत सावकाश सरकली. सावकाश सरकणाऱ्या फितीवर उमटलेला आवाज नेहमीच्या वेगाने वाजवला की उंच ऐकू येतो. बाबांनी मग चार सेल घातले, कॅसेट उलटली आणि काम पुढे चालू ठेवले. दुसऱ्या बाजूवर माग नाहीत आणि घुमाराही नाही. वीज गेल्यामुळे आसपासचा सगळा भाग गप्प झाला आहे. फक्त जाते आणि आई.

आई २००९ मध्ये गेली. पुढच्या वर्षी आम्ही त्या ओव्या कागदावर उतरवल्या आणि त्यांवर एक लेखही लिहिला. दिवस भारनियमनाचे होते. टेप इन्व्हर्टरवर चाले आणि तो इन्व्हर्टर स्वस्तातला, चौकोनी लहरीचा होता. घरातल्या विजेची लहर गोलाईने चढते-उतरते. अशा इन्व्हर्टरची लहर पायऱ्यांसारखी उड्या मारते, आणि त्या उड्यांमुळे ध्वनियंत्रात भुणभुण येते. ती भुणभुण सोसत आम्ही पहिली बाजू उतरवली. दुसऱ्या बाजूवर काही ओव्या पुन्हा आल्या आहेत. त्या ‘पुनरावृत्ती’ म्हणून वरवर ऐकून सोडल्या. विद्यार्थ्याने असे केले असते तर आम्ही त्याला रागावलो असतो.

अलीकडे जुना कॅसेट डेक दुरुस्त करून घेतला आणि टीव्हीला जोडलेल्याच अँप्लिफायरला लावला. फीत झिजण्याआधी सगळे संगणकावर घ्यावे, असा विचार होता. पहिली बाजू वाजवली. घुमारा होता, तो असणारच होता. दुसरी बाजू लावली आणि चमकलो. तिथेही घुमारा! सेलवर झालेल्या मुद्रणात विजेचा आवाज कुठून येणार? तो १९९२ चा नव्हता. तो आमच्या आजच्या घराचा होता. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगायचे तर, लेखनिकाची चूक आणि वाचकाच्या चष्म्यावरचा डाग यांतला फरक त्या दिवशी आम्हाला कळला. चष्मा पुसणे आपल्या हातात असते.

म्हणून ती पेटी आणली. तिच्याविषयी आमचे गैरसमज बरेच होते, ते आधी सांगतो. पॉवर कंडिशनर वीज साठवत नाही. वीज गेली की तोही गप्प होतो. त्यात स्टॅबिलायझर नसेल तर तो व्होल्टेज वर-खालीही करत नाही. त्याची मुख्य कामे दोन. पहिले गाळण्याचे. घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची; पण एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, पंख्याचे रेग्युलेटर हे सारे तिच्यात आपापली बारीक कुरकुर मिसळत असतात. पेटीतली वेटोळी आणि कपॅसिटर मूळ लहर पुढे जाऊ देतात आणि ही कुरकुर अडवतात. दुसरे काम झटका झेलण्याचे. त्यासाठी आत व्हॅरिस्टर नावाचे चकतीसारखे घटक असतात. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की ते त्या उसळीला आडवाट देतात. प्रत्येक झटक्यानिशी ते थोडे थोडे झिजतात, म्हणून असे संरक्षण जन्मभराचे नसते. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग ओढून ठेवणे हाच खरा उपाय.

पेटी बसवली. टीव्ही, डेक, अँप्लिफायर आणि डीव्हीडी प्लेयर यांचे प्लग तिच्यात खोवले. मोठ्या अपेक्षेने दुसरी बाजू लावली. घुमारा गेला तर नाहीच, उलट वाढला. शिवाय पेटीला बोट लागताच मुंग्या आल्या. दुकानदाराला चार शब्द सुनवावेत असे मनात आले, पण त्याआधी ओळखीच्या वायरमनला बोलावले. ते पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी पेटीकडे पाहिलेही नाही. भिंतीतल्या सॉकेटमध्ये मल्टिमीटरच्या काड्या घातल्या. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २२८ व्होल्ट होते. फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढेच यायला हवे, आले ११५. अण्णा हसले.

“सर, पेटी चांगली हाय ओ. पण तिनं कचरा टाकायचा कुठं? तुमच्याकडं अर्थिंगच न्हाई.”

“अण्णा, तीन पिनांचे सॉकेट आहे की.”

“पिना तीन हायत, मॅडम. तिसरीच्या मागं वायर हाय, वायरच्या मागं जमीन न्हाई.”

‘अर्थ’ हा शब्द आम्ही वर्गात हजारदा उच्चारला असेल. त्याच्या मागे जमीन लागते, हे आम्हाला एका वायरमनने शिकवले. विनोद बाजूला ठेवला तरी वस्तुस्थिती अशी होती की गाळणीतले काही कपॅसिटर कुरकुर अर्थच्या तारेत सोडतात आणि ती तार जमिनीपर्यंत पोचतच नसल्यामुळे पेटीचे धातूचे कवच मधल्या कुठल्यातरी व्होल्टेजवर लोंबकळत होते. मुंग्या त्याच्या होत्या. संरक्षण म्हणून आणलेली वस्तू जमिनीवाचून स्वतःच उपद्रव झाली होती.

घरामागे अर्थिंगचा खड्डा होता, पण अंगणाला फरशी घालताना तो झाकला गेला होता. अण्णांनी फरशी उचकटली. खालचा पाइप शाबूत होता. त्याला तार जोडणारा क्लॅम्प मात्र गंजून गळून पडला होता. खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात तो माती ओलसर आणि वीजवाहक राहावी म्हणून. तेच मीठ हळूहळू लोखंड खाते. त्यातून सोलापूरचा उन्हाळा. पारा चाळिशीच्या वर जातो, काळी माती भेगाळते, खालचा मुरूम कोरडा ठणठणीत होतो आणि कोरडी जमीन वीज सहजी स्वीकारत नाही. अण्णांनी नवा पाइप रोवला, नवा क्लॅम्प आवळला, वर पाणी घालायला तोंड ठेवले आणि बजावले, “उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी. तुळशीला घालता तसं.” आता फेज–अर्थ २२७ आणि न्यूट्रल–अर्थ दीड व्होल्ट दिसू लागले. मुंग्या थांबल्या.

तरीही थोडा घुमारा उरला होता. अण्णांनी एकेक तार काढून पाहिली. टीव्हीच्या मागची केबलची तार काढताच शांतता झाली. ती तार गल्लीतल्या दुसऱ्या इमारतीवरून येते आणि तिचे धातूचे आवरण तिकडच्या जमिनीशी जोडलेले आहे; आमची यंत्रे इकडच्या. दोन ठिकाणची जमीन विजेच्या दृष्टीने कधीच अगदी समपातळीत नसते. त्या फरकामुळे एक प्रवाह ध्वनीच्या तारेच्या आवरणातून वाहतो आणि तो आपल्याला ऐकू येतो. केबलच्या तारेत एक छोटा आयसोलेटर बसवल्यावर हा भाग मिटला. पुष्कळ जण अशा वेळी अँप्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. घुमारा जातो हे खरे, पण बिघाड झाला तर यंत्राचे कवच जीव घेऊ शकते. अण्णांनी एवढ्या एका गोष्टीसाठी आवाज चढवला. जाताना विजेच्या तारा एका बाजूला, ध्वनीच्या तारा दुसऱ्या बाजूला आणि जिथे ओलांडणे भाग आहे तिथे काटकोनात, अशी मांडणी करून गेले. चालू करताना अँप्लिफायर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, हा नियमही त्यांचाच.

त्या रात्री दुसरी बाजू लावली. जात्याची घरघर आणि आई. दुसरे काही नाही. तिचा श्वास, खुंटा बदलताना वाजलेल्या बांगड्या, बाबांचे एकदाच झालेले खाकरणे. आम्ही दोघे काही न बोलता ऐकत होतो. मग ती भावाच्या शेताची ओवी आली, आणि आमच्या लेखातल्या सर्वांत आवडत्या परिच्छेदाखालची जमीन सरकली.

पहिल्या बाजूवरून आम्ही त्या ओवीत ‘माहेर’ असा शब्द उतरवला होता. त्या एका शब्दावर माहेराच्या ओढीचे, स्त्रीच्या दुभंगलेल्या जगाचे बरेच विवेचन केले होते. दुसऱ्या बाजूवर आई स्वच्छ ‘मोहर’ म्हणते. आंब्याचा मोहर. भावाच्या बांधावर आंबा आहे, त्याला मोहर आला आहे, एवढेच तिला सांगायचे आहे. पहिली बाजू पुन्हा ऐकली. मागांच्या खडखडाटाखाली तिथेही बहुधा ‘मोहर’च आहे, ‘माहेर’ आम्हाला ऐकायचे होते. गोंगाटाने शब्द झाकला आणि मोकळी झालेली जागा आमच्या वाचनाने भरली.

आता प्रश्न पहिल्या बाजूचा होता. एका विद्यार्थ्याने संगणकावर तिचा घुमारा काढून दाखवला. पण विजेचा घुमारा पन्नासावरच थांबत नाही. शंभर, दीडशे, दोनशे, अडीचशे अशा त्याच्या पटीही असतात, आणि बाईमाणसाचा आवाज तिथेच कुठेतरी सुरू होतो. घुमारा गेला तशी आईच्या आवाजातली ऊबही गेली. मग त्याच विद्यार्थ्याने एक गोष्ट दाखवली. आमच्या डेकवर तो घुमारा ५० ऐवजी जवळजवळ ५१ वर येत होता. म्हणजे फीत मुद्रणाच्या वेळेपेक्षा थोडी जलद धावते आहे आणि आईचा आवाज इतकी वर्षे आम्ही किंचित उंच ऐकत आलो आहोत. जुन्या ध्वनिमुद्रणांचा वेग तपासताना विजेच्या घुमाऱ्याचा असा उपयोग करून घेतात. त्या काळी आपल्याकडची वारंवारता पन्नासाच्या खाली-वर बरीच हलत असे, म्हणून अगदी काटेकोर आग्रह धरता येत नाही. पण दिशा कळते. रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी सुरू झाली आणि दक्षिणेचे विजेचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका तालात आले. आज आमच्या भिंतीतला घुमारा देशभराचा आहे. कॅसेटवरचा त्याआधीचा आहे. स्वच्छ असलेल्या दुसऱ्या बाजूवर मात्र वेग तपासायला असे कोणतेच माप नाही. सेल उतरत गेले तशी तिथली फीतही मंदावली असणार, आणि ते ताडून पाहण्याची सोय नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. त्या संग्रहापुढे आमची एक कॅसेट म्हणजे काहीच नाही. पण एवढ्याशा कामातही एक भेद पाळावा लागला. आमच्या घरातला गोंगाट काढून टाकणे हे आमचे कर्तव्य होते, कारण तो आईचा नव्हता. जाते तिच्या गाण्याचा भाग आहे, माग तिच्या घराचा, आणि तो जुना घुमारा तिच्या दुपारचा. तो आम्ही राहू दिला. मूळ प्रत कोणतीही सफाई न करता तीन ठिकाणी जतन केली आहे. वेग सुधारलेली प्रत वेगळी ठेवली आहे आणि तशी नोंद तिच्यावर केली आहे. नव्या लिखित प्रतीत जे शब्द मागांखाली दबले आहेत आणि दुसऱ्या बाजूवरही आलेले नाहीत, तिथे रिकामा कंस आहे. अंदाजाचा शब्द कुठेही घातलेला नाही.

ज्या अंकात आमचा लेख छापून आला होता, त्याच्या संपादकांना शुद्धिपत्र पाठवले आहे: ‘माहेर’च्या जागी ‘मोहर’ वाचावे, आणि त्याखालचा परिच्छेद रद्द समजावा. खड्ड्यात पाणी घालण्याचा वार आम्ही रविवार ठरवला आहे.