खाते कोणाच्या नावे?

आमची पहिली कमाई आम्ही मोजली नाही. १९८६ साली ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात आम्ही शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. महिनाअखेरीस विद्यावेतनाचे पाकीट मिळाले, ते न उघडताच वडिलांच्या हातावर ठेवले. त्यांनी नोटा मोजल्या आणि बसभाड्यापुरते पैसे आम्हांला परत दिले. लग्न होईपर्यंत हाच क्रम चालला. यालाच घरचे वळण म्हणतात, असे आम्ही पुढे कितीतरी वर्षे मानत आलो.

२०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. १८ ते ३५ वयाच्या बेरोजगारांना सहा महिने प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण. विद्यावेतन दरमहा बारावी उत्तीर्णास ६,०००, आय.टी.आय. वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये. आमची धाकटी पदवीधर. नवी मुंबईतच एका कार्यालयात तिची निवड झाली. रक्कम थेट प्रशिक्षणार्थीच्या बँक खात्यात जमा होणार, असे कळताच आम्ही सहज सुचवले, ‘‘खात्याला आमचेही नाव जोडून घेऊ.’’

ती हसून म्हणाली, ‘‘बाबा, तुमचं नाव माझ्या नावामागे आहेच की. खात्यावर आणखी कशाला?’’

पत्नीने भाजी निवडता निवडता मान खाली घातली. ती हसत होती हे आम्हांला दिसले. दोन दिवस आम्ही घुश्श्यात होतो, हे कबूल केलेले बरे.

राग ओसरल्यावर आम्ही राहतो त्या शहराकडेच पाहू लागलो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन झाले, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. न्यायाचेच पाऊल होते ते. पण मोबदला काय, भूखंड काय, सारे सातबाऱ्यावरील खातेदाराच्या आणि त्याच्या वारसांच्या नावे. शेत व खाडी गेल्यावर ज्याला उभे आयुष्य नव्या धंद्यात काढायचे होते, त्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या हाती स्वतःचे असे काय आले? आमच्याबरोबर कारखान्यात असे दोघे होते. घरी भूखंडाच्या गोष्टी चालत, आणि हे दोघे चहाच्या पैशांसाठी थोरल्या भावाकडे पाहत.

त्या मानाने थेट खात्यात पैसे टाकणारी योजना एक पाऊल पुढे आहे, असे आम्हांला वाटते. दुसऱ्या बाजूने मात्र ती आमच्या काळाहून मागे आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. त्याखाली आम्ही फिटरचे काम शिकलो, परीक्षा दिली, प्रमाणपत्र मिळवले. पुढे तो कारखाना बंद पडला तेव्हा प्रमाणपत्र दाखवून दुसऱ्या दारी उभे राहता आले. मुलीने केले काय? अर्जांची नोंद, फायली, संगणकावर तक्ते. सहा महिन्यांची मुदत २०२५ मध्ये पाच महिन्यांनी वाढली आणि मग संपली. कायम नोकरीचा हक्क नाही, हे आधीच सांगितलेले होते. तरी राज्यभर प्रशिक्षणार्थींनी त्यासाठी आंदोलने केली. आम्ही त्यांना दोष देत नाही. अकरा महिने रोज वेळेवर खुर्चीत बसवायचे आणि बाराव्या महिन्यात अनुभवाचा कागद हाती द्यायचा, यात तरुणाचा संसार उभा राहत नाही. परीक्षा आणि हुन्नर यांची जोड असती, तर तोच पैसा सार्थकी लागला असता.

मुलगी सध्या हिशेबनिसाचा अभ्यासक्रम करते आहे. शुल्क तिने आम्हांला विचारून भरले नाही. पावती मात्र आणून दाखवली. परवा रविवारी मिस्सानंतर आम्ही तिला हळूच विचारले, खात्यात काही शिल्लक आहे की नाही? ‘‘आहे, मार्चपर्यंत पुरेल,’’ ती म्हणाली, आणि नेरुळ-ठाणे लोकलचा नवा पास काढायला निघून गेली. आमचा हात सवयीने पाकिटाकडे गेला होता. तो आम्ही तसाच खिशात ठेवला.