पॅरडाइज : इथला बॉस वारा!

सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला मस्त ड्राइव्ह करत मी पॅरडाइजला पोहोचले. डोंगरमाथ्यावरचं छोटंसं गाव, पण इथला खरा बॉस वारा! पाऊस लांबला आणि ईशान्येचा कोरडा वारा सुटला, की हवामान खातं ‘रेड फ्लॅग’ इशारा देतं. ८ नोव्हेंबर २०१८ला विजेच्या तारेची ठिणगी याच वाऱ्याने काही तासांत गावभर पसरवली. त्या आगीत ८५ जण गेले. बंबवाल्यांनी आग विझवणं बाजूला ठेवून आधी माणसं बाहेर काढली. आता नव्याने उभ्या राहणाऱ्या गावात भोंग्यांचे मनोरेही आहेत. मुंबईचा दमटपणा आपल्याला नकोसा होतो ना? इथे दमटपणा उतरला, की पोटात गोळा येतो. अग्निशमन दलाचा सल्ला साधा : बॅग भरलेली, गाडीचं तोंड रस्त्याकडे. मीही तशीच पार्क केली.