रात्रभराची वीज

इंग्रजी व हिंदी मजकुराचे मराठी करीत बसणे हा माझा कार्यालयातील रोजचा उद्योग. गेल्या वर्षी फिरत्या घरांतून करावयाच्या पर्यटनासंबंधीचा एक लेख माझ्या मेजावर आला. महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ साली अशा पर्यटनाची धोरणे जाहीर केली, त्यांचा त्यात उल्लेख होता. मोटारीमागे जोडलेल्या छोट्या घराला रानावनात वीज कोठून मिळावी, हा प्रश्न मात्र लेखकाने एका वाक्यात निकालात काढला होता : जनित्र अथवा विद्युत्घटमाला बरोबर न्यावी. मी ते वाक्य निमूटपणे भाषांतरित केले. त्यातील ‘अथवा’ या शब्दाने आमच्या घरात किती रात्री जागवल्या, ते आता सांगते.

माझे वडील, अण्णा, इंदूरला असतात. रेल्वेच्या ट्रेन लायटिंग विभागात त्यांची उभी नोकरी झाली. लाखो लोक ज्या उजेडात जेवले, निजले, तो उजेड सांभाळणाऱ्या या माणसाला निवृत्तीनंतर झोपेत श्वास अडखळण्याचा विकार जडला. डॉक्टरांनी सीपॅप नावाचे यंत्र दिले. रात्रभर तोंडावर मुखवटा लावायचा आणि यंत्राने दाबाखाली सोडलेली हवा घ्यायची. प्रकृती सुधारली, पण तेव्हापासून अण्णांनी परगावी मुक्काम करणे सोडले. पुतण्याच्या लग्नालाही ते रात्रीच्या गाडीने परतले. “वीज गेली तर? आणि दहा माणसांत ते सोंडेचं सोंग कशाला?” एवढेच त्यांचे उत्तर.

दादाने मोटारीमागे ओढावयाचे दोन बिछान्यांचे छोटे घर बनवून घेतले, ते मुख्यतः यासाठी. महेश्वरच्या अलीकडे नर्मदाकाठी त्याच्या मित्राचे शेत आहे. तेथे आई-अण्णांना दोन रात्री न्यावे, अण्णांनी काठावर निवांत झोपावे, असा त्याचा बेत होता. शेतावर विजेची तार नाही. दादाने दोन केव्हीएचे पेट्रोलवर चालणारे जनित्र आणले आणि प्रश्न सुटला असे समजून चहा मागितला.

मी रजेवर घरी होते. निघण्यापूर्वी एक रात्र अंगणातच परीक्षा घ्यावी, ही सूचना वहिनीची. दादाने जनित्र घराच्या मागच्या अंगास, खिडकीपासून दोन हातांवर ठेवले. दहाच्या सुमारास शेजारचे काका गच्चीवर येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. निवासी भागात रात्री दहा ते सहा या वेळात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि आमचे यंत्र त्याहून खूपच मोठ्याने बोलत होते. तेही एक वेळ सोसता आले असते. परंतु दोनच्या सुमारास वारा फिरला. अण्णा मुखवटा ओढून काढीत बाहेर आले आणि आईला हाताला धरून अंगणाच्या टोकाशी नेऊन बसवले. सीपॅप हवा निर्माण करीत नाही. खोलीतील हवाच ते ओढून घेते आणि दाबाने नाकात सोडते. जनित्राचा धूर थेट अण्णांच्या फुफ्फुसांत चालला होता. त्यांना पेट्रोलचा वास आला म्हणून ते उठले. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नसतो, रंग नसतो. जनित्र दारेखिडक्यांपासून निदान वीस फूट दूर ठेवावे आणि धुराचे तोंड उलट दिशेला असावे, हे आम्ही नंतर वाचले.

सकाळी अण्णा म्हणाले, “तुम्ही जाऊन या. मी घरीच बरा.” दादा मान खाली घालून बसला.

मला विजेतले काही कळत नाही. मी सहज विचारले, “अण्णा, तुमच्या डब्यांत रात्रभर दिवे लागायचे, ते कशावर?” एवढे निमित्त पुरले. डब्याच्या आसाला पट्ट्याने आल्टरनेटर जोडलेला असतो; गाडी धावते तोवर तो डब्याखालची घटमाला भरतो आणि गाडी स्थानकात थांबली की घटमाला दिवे-पंखे चालवते. राजधानीसारख्या गाड्यांना पूर्वी टोकाशी जनित्रांचा स्वतंत्र डबा जोडीत. त्याच्या लगतच्या डब्यात ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना जनित्राविषयी अधिक सांगणे नलगे. बोलता बोलता अण्णा उठले आणि जुन्या दिनदर्शिकेचे पान फाडून आणले. “आधी लोड किती ते लिही. बॅटरी मग.”

मी लिहीत गेले. सीपॅप, हवा ओलसर करणारा तापक बंद ठेवल्यास, सुमारे ४० वॉट. आठ तासांचे ३२० वॉट-तास. तापक लावला तर हा आकडा दुपटीच्या पुढे जातो. (तो दोन रात्री बंद ठेवण्यास डॉक्टरांची संमती फोनवर घेतली.) पंखा २२५, दिवे १००, छोटी शीतपेटी दिवसरात्र मिळून ४५०, फोन आणि पाण्याचा पंप मिळून ७५. बेरीज ११७०, वाटेतली गळती धरून १३०० समजावे. दादाला वातानुकूलन यंत्रही हवे होते. एका टनाचे यंत्र तासाला जवळजवळ एक युनिट, म्हणजे १००० वॉट-तास खाते. अण्णांनी त्या नावावर काट मारली. मोठ्या जनित्राचा मोह तेथेच संपला.

मग दादा म्हणाला, घरच्या इन्व्हर्टरची बॅटरीच उचलून नेऊ. ती १५० अँपिअर-तासांची, १२ व्होल्टची. हिशेबाने १८०० वॉट-तास. परंतु शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हाती ९००च. वजन पन्नास किलोंच्या वर. भरताना हायड्रोजन सुटतो, आणि ती ठेवायची कोठे, तर उशाशी! अखेर लिथियम आयर्न फॉस्फेटच्या १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या ठरल्या. दोन्ही मिळून सुमारे २५०० वॉट-तास, त्यातले दोन हजार निर्धास्त वापरावे. वजन प्रत्येकी बारा-तेरा किलो. किंमत ऐकून दादा काही वेळ गप्प होता. अण्णांनी आपल्या निवृत्तिवेतनातून निम्मी रक्कम पुढे केली आणि त्यावरून दोघांत जो वाद झाला, तो येथे देत नाही. लडाखकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एवढे सांगते की, ही बॅटरी शून्य अंशाखाली भरू नये, बिघडते.

बॅटरी भरण्याची सोय अण्णांनी डब्यासारखीच केली : मोटार धावताना तिच्या आल्टरनेटरवरून, मधे भरणीचे नियंत्रक यंत्र घालून. दादाने त्यासाठी चार चौरस मिलिमीटरची तार आणली होती. सहा मीटर अंतरावर, २० अँपिअर प्रवाहाला, जाऊन-येऊन तीत एक व्होल्टाहून अधिक दाब गळतो. बारा व्होल्टांतला एक व्होल्ट म्हणजे थोडाथोडका नव्हे. अण्णांनी सोळाची तार मागवली आणि बॅटरीलगत फ्यूज बसवल्याशिवाय कोणाला हात लावू दिला नाही. छपरावर २०० वॉटचे सौर तावदान आले. चांगल्या उन्हात दिवसाचे ७०० वॉट-तास मिळतात. जनित्र टाकून दिले नाही. पावसाळी दिवसांत ते दुपारी दोन तास, लांब बांधावर ठेवून, बॅटरी भरण्यासाठी चालवावयाचे.

सीपॅपसाठी इन्व्हर्टर लावावा, असे दादाचे मत. अण्णांनी यंत्राची पट्टी चष्मा लावून वाचली आणि त्यांना हसू आले. तीवर २४ व्होल्ट लिहिलेले होते. “आमच्या जुन्या डब्यांचंच व्होल्टेज की हे!” बाराचे चोवीस करणारे छोटे उपकरण मिळते. त्यावर यंत्र थेट चालते, आणि बॅटरीची वीज आधी घरगुती करून पुन्हा उतरवण्यात जी वाया जाते, ती वाचते.

मार्चमध्ये आम्ही निघालो. इंदूरहून सुमारे नव्वद किलोमीटर. पोहोचेपर्यंत बॅटरी ९८ टक्के भरली होती. अहिल्याबाईंचा घाट पाहून संध्याकाळी शेतावर आलो. रात्री मी, दादा आणि वहिनी बाहेर तंबूत. मला झोप लागली नाही. दर थोड्या वेळाने मी उठून त्या छोट्या घराच्या भिंतीशी कान लावी. आत अण्णांच्या यंत्राचा संथ फुसकारा चालू असे, आणि त्यापलीकडे फक्त नदी.

सकाळी मापकावर ५९ टक्के दिसत होते. अण्णांचा आकड्यांच्या पडद्यावर विश्वास नाही. त्यांनी आपला जुना मीटर काढून स्वतः मोजले : १३.१ व्होल्ट. दिनदर्शिकेच्या त्याच पानावर ते त्यांनी तारखेसह लिहिले. मग चहाचा कप हातात घेऊन ते काठाकडे तोंड करून बसले आणि आईला म्हणाले, “ऊन चांगलं पडलंय. तिसरी रात्रही निघेल.”