माळ्यावरची शांतता

पंढरपूर हे गाव डोळ्यांच्या आधी कानांना भेटते. पहाटेची काकडआरती, मठामठांतून चाललेले भजन, टाळ-पखवाज, दुकानादुकानांतले ध्वनिवर्धक आणि आषाढीत लाखो पावलांची सरकती गाज. भक्तिसाहित्य शिकवताना आपण ज्याला गजर म्हणतो, तो इथे पुस्तकात नसून भिंतीपलीकडे असतो. अशा गावात घराच्या माळ्यावर निःशब्द खोली बांधणे शेजाऱ्यांना विक्षिप्त वाटले असल्यास नवल नाही. आम्हां दोघांना मात्र ती हवी होती. आई (आमच्यापैकी एकाची आई, दुसरीच्या सासूबाई) ऐंशी ओलांडलेल्या. जात्यावरच्या कितीतरी ओव्या त्यांना मुखोद्गत, आणि दर हिवाळ्यात त्यांचा श्वास आखूड होत चाललेला. त्या ओव्या त्यांच्याच आवाजात मुद्रित व्हाव्यात, एवढाच या उद्योगाचा हेतू.

कामाला लागल्यावर पहिला धडा मिळाला तो अर्थनिश्चितीचा. ‘साउंडप्रूफ’ या एका शब्दात दोन निराळ्या क्रिया कोंबलेल्या आहेत. बाहेरचा आवाज आत येऊ न देणे ही एक, आणि आतला आवाज भिंतींवर आदळून घुमू न देणे ही दुसरी. अंड्यांचे ट्रे किंवा फोमच्या लाद्या चिकटवल्या की खोली बंदिस्त होते असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात त्यांनी फार तर आतला घुमारा थोडा निवतो. बाहेरचा ध्वनी अडवायला वजन लागते, फटी बुजवाव्या लागतात आणि दोन थर परस्परांपासून सुटे ठेवावे लागतात. घराचा खालचा मजला हे न शिकताच जाणत होता. दगडमातीच्या दीड हात रुंद भिंती, तुळयांवर कडीपाट, त्यावर माळवदाची माती. पण माळवदावर पुढे कधीतरी चढवलेल्या खोलीला छत होते ते पत्र्याचे, आणि सारा गोंगाट उतरत होता तो तिथूनच.

म्हणून पत्र्याला कुठेही न टेकणारे दुसरे छत आतून उभारले. भिंतींवर पेललेला सांगाडा, त्याला जिप्सम बोर्डचे दोन थर, मधल्या पोकळीत रॉकवूल. खिडकीला आतून आणखी एक तावदान, दाराला रबरी पट्ट्या. फटींचे गणित निर्दय असते. भिंतीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी उरलेली भिंत कितीही जाड असो, सुमारे वीस डेसिबलांपलीकडे आवाज अडत नाही. पण हवा येते तीही फटीतूनच, आणि सोलापूरकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालची बंद खोली म्हणजे भट्टी. तेव्हा आतून रॉकवूल लावलेली, दोनदा वळणारी लाकडी वाहिनी करवून घेतली. हवा वळून आत येते. आवाज वाटेतच बराचसा जिरतो. पखवाजाच्या डाव्या, कणीक लावलेल्या तोंडाचा खर्ज मात्र या बंदोबस्तालाही दाद देत नाही. शंभर हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर, म्हणजे आमच्या खोलीच्या रुंदीहून अधिक. आषाढीत मुद्रण करायचे नाही, हाच त्यावरचा उपाय.

उरला आतला घुमारा. १८९५ साली हार्वर्डमधील एका व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळेनात, तेव्हा वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाने रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या आणून, कमीजास्त करून, आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजले. त्यातून वास्तुध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला. आमच्याकडे गाद्यांचे काम आईंनी शिवलेल्या वाकळांनी केले. भिंतीपासून चार बोटे सोडून त्या टांगल्या, आणि समोरच्या भिंतीला पुस्तकांची कपाटे लावली. लहानमोठ्या पुस्तकांची उंचसखल रांग आवाज विखुरते.

आई माइकसमोर बसल्या. आवाज इतका स्वच्छ आला की ओवीआधी घेतलेला श्वासही ऐकू यावा. पण तिसऱ्याच ओवीला लय डगमगू लागली. शब्द आठवत होते. विराम कुठे घ्यावा ते कळत नव्हते. मग त्यांचा उजवा हात आपोआप चटईवर गोल फिरू लागला आणि ओवी सावरली. ओवीला गण-मात्रांचे कठोर बंधन नाही, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. लोकगीतातल्या ओवीचे माप जात्याच्या फेऱ्यात असते, हे त्या चटईवरच्या हाताने दाखवले. गी प्वातवँ आणि हेमा राइरकर यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्या गावोगावच्या बायांकडून, त्यांच्याच गावी जाऊन. आणि पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात आजही यात्रेकरू जनाबाईचे म्हणून जे हात लावून पाहतात, ते जातेच आहे, पोथी नव्हे.

अडगळीतले लहान जाते आम्ही वर आणले. त्याची घरघर जमिनीतून माइकच्या दांड्यात शिरू नये म्हणून खाली जाड रबर आणि घडी घातलेली वाकळ ठेवली. गाव बाहेर ठेवले, जाते आत घेतले. पाठचिकित्सा करणारा संपादक याहून वेगळे काय करतो? कोणता आवाज पाठातला आणि कोणता बाहेरून आलेला, हा निवाडा त्यालाही करावा लागतोच.

एका बैठकीत आता पाच-सहाच ओव्या होतात. प्रत्येकीच्या दोन नोंदी ठेवतो, एक जात्यासह, एक जात्याविना. शब्द नीट टिपायला दुसरी उपयोगी पडते. विद्यार्थ्यांना मात्र आधी पहिली ऐकवतो.