मायची शिदोरी आणि मोझरीचा आलुबोंडा

दसरा झाला, दीक्षाभूमीवरून घरी परतलो, की दहाएक दिवसांनी आश्विन वद्य पंचमी येते. त्या दिवशी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. अमरावती-नागपूर रस्त्यावरच्या गुरुकुंज मोझरीला तेव्हा मोठी गर्दी लोटते. महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम काढला आणि शिवाशिवीविरुद्ध गावोगावी खंजिरी वाजवली. म्हणून आमच्या घरात त्यांच्याविषयी आदर. गेल्या साली आम्ही एस.टी.ने मोझरीला गेलो. आम्ही दोघे, दोन लेकरे आणि सत्तरी ओलांडलेली माय.

खरे सांगायचे तर लेकरांचे निम्मे लक्ष कढईकडे होते. आमचेही होते. आपल्या वऱ्हाडात रस्त्यावरच्या खाण्याची काय कमी! उडदाचा वडा दह्यात भिजवलेला गिलावडा, तळलेली मिरची, गरम जिलबी. सांबारवडी तर आपलीच. पुण्या-मुंबईचे पाहुणे तिच्यात इडलीचे सांबार शोधतात. आपण कोथिंबिरीलाच सांबार म्हणतो, हे त्यांना सांगावे लागते. पण सगळ्यांत वरचढ आलुबोंडा. उकडलेल्या आलूत लसूण, हिरवी मिरची, सांबार घालून गोळा बेसनात बुडवून तळायचा. तो नुसता खायचा नाही. प्लेटमध्ये फोडायचा, वरून गरम कढी ओतून घ्यायची, कढी मुरली की मग चमचा लावायचा.

आम्ही एका हॉटेलात शिरलो. माय मात्र बाहेर निंबाखाली बसली.

"माय, आत चाल."

"तुमी खा. मी शिदोरी आनली."

तिच्या फडक्यात भाकर, बेसन आणि ठेचा होता. हे नेहमीचेच. माय पैसे वाचवते, असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो. कधी विचारले नाही. नववीतल्या लेकीने मात्र विचारले, "आजी, तू दरवेळी बाहेर काहून बसते?"

माय थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या टायमाले आत जाता नाई ये, पोरी. गावच्या हॉटेलात आपला कप बाहेर खिळ्याले टांगला राहे. चहा वरून ओते. पिला का आपनच धुवाचा अन् आपनच टांगाचा."

आम्ही दोघे गप्प झालो. ज्या मायच्या हातचे खाऊन वाढलो, तिची ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती.

लेक म्हणाली, "आजी, घटनेत हॉटेलचं नाव लिहिलं आहे." खरेच आहे. घटनेच्या १५व्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेथे जातीवरून कोणाला अडवता येत नाही. २६ जानेवारी १९५०पासून हे लागू आहे. म्हणजे मायच्या जन्माआधीच कायदा झाला होता. कप मात्र खिळ्यालाच होता.

लेकीने आजीचा हात धरून तिला आत आणले आणि मधल्या बाकावर बसवले. आलुबोंडा आला. माय आधी लहान घास घेत होती. हॉटेलवाला कढीचे भांडे घेऊन फिरत होता. "आजी, घ्या अजून," म्हणत त्याने तिच्या प्लेटमध्ये पळी रिकामी केली. मायने दुसरा बोंडा मागितला! मग तिने शिदोरी सोडली. ठेचा बोंड्याला असा लागला, की लेकरांनी फडके पुसून काढले.

शेवटी मायने पाणी प्यायले आणि रिकामा ग्लास हातात धरून उठली. इकडेतिकडे पाहू लागली. आम्हांला समजेना. ती ग्लास धुवायची जागा शोधत होती.

पोऱ्या आला, तिच्या हातून ग्लास घेतला आणि दहा ग्लासांबरोबर टोपल्यात टाकला. त्या ढिगात मायचा ग्लास कोणता, हे आता कोणी सांगू शकले नसते. माय तिकडे पाहतच राहिली.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरचे म्हातारे माणूस बाहेर बसत असेल, तर ते काटकसर करते असे समजू नका. एकदा विचारा. आणि हात धरून आत आणा.

घरी येताना एस.टी.त माय म्हणाली, "पुढच्या खेपेले शिदोरीत ठेचाच घेतो. बोंडे तिथचेच बरे."