मांगीतुंगीची दोन दिवसांची वाट

नंदुरबारहून मांगीतुंगीला जावयाचे तर साक्री, पिंपळनेर आणि ताहराबाद असा रस्ता आहे. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. तरीही नंदुरबारच्या बाजारपेठेतील कितीतरी जैन कुटुंबांनी शंखेश्वर पाहिलेले असते, सम्मेदशिखरही पाहिलेले असते. हा शेजारचा डोंगर मात्र राहून जातो. आपण श्वेतांबर, ते क्षेत्र दिगंबरांचे, एवढे एक कारण अनेकांना पुरते. पुढील प्रवास अशाच एका स्थानकवासी कुटुंबाचा आहे. वडील मिरचीचे व्यापारी, मुलगी दहावीत, मुलगा सहावीत.

22 ऑक्टोबर 2018 रोजी मांगीतुंगीच्या पायथ्याशी विश्वशांती अहिंसा संमेलन भरणार होते आणि त्याचे उद्घाटन राष्ट्रपती रामनाथ कोविंद करणार होते. दिवस सोमवारचा. दसरा नुकताच झालेला, दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली. ओली लाल मिरची बाजार समितीत येऊ लागण्याचे आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर ती वाळत पडण्याचे हेच दिवस. अशा दिवसांत व्यापाऱ्याने गादी सोडून दोन दिवस बाहेर राहणे म्हणजे घरात चर्चेचा विषय. शिवाय मुलांच्या सहामाही परीक्षा. पण वडिलांनी ठरविले होते. मुलगी दोन वर्षांत शिकायला पुण्याला जाईल, मग मुलगाही जाईल. त्याआधी धर्माचे काहीतरी मोठे, डोळ्यांत भरेल असे त्यांनी पाहावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

दादींचे मन थोडे साशंक होते. स्थानकात आयुष्य गेलेल्या त्या माउलीला एकशे आठ फुटांच्या मूर्तीचे कौतुक कसे वाटावे? शेवटी त्या मुलाला म्हणाल्या, "मूर्तीपुढे गेला नाहीस तरी चालेल, पण व्याख्यान नीट ऐकून ये. आणि मुलांचा चौविहार मोडू देऊ नकोस."

घरात त्या दिवसांत आणखी एक गोष्ट चालली होती. त्या वर्षी पावसाने पाठ फिरविली होती; मिरचीची आवक कमी राहणार हे आधीच दिसत होते. एका कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. बाजार समितीजवळ गाळा रिकामा होता. बियाणे, खते आणि कीटकनाशके यांची एजन्सी घ्यावी, रब्बीच्या आधी दुकान उघडावे, असा तो प्रस्ताव. मिरचीवर फुलकिडे आणि कोकडा पडला की शेतकरी औषधासाठी धावत येतो. त्यातही ज्या व्यापाऱ्याला तो माल घालतो त्याच्याच दुकानातून उधारीवर औषध मिळाले तर त्याला हवेच असते. हिशोब सरळ होता. निर्णय दिवाळीनंतर द्यावयाचा होता. मुलांसमोर हे बोलणे झाले नव्हते. पण व्यापाऱ्याच्या घरात मुलांना काय ठाऊक नसते?

पहाटे गाडी निघाली. गावातून बाहेर पडताना माणिक चौकातील हुतात्मा स्मारक लागले. 9 सप्टेंबर 1942 रोजी तिरंगा घेऊन निघालेला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती इथेच पोलिसांच्या गोळ्यांना सामोरे गेले. नंदुरबारच्या मुलांना ही कथा पाठ असते. धाकटा म्हणाला, "त्यांच्या हातात काहीच नव्हते ना, पप्पा?" वडील म्हणाले, "झेंडा होता." अहिंसा संमेलनाला निघालेल्या कुटुंबाचा पहिला पाठ गाव सोडण्याआधीच झाला होता, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आले नसावे.

छडवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग लागली, साक्रीला सुरत-धुळे महामार्ग ओलांडला आणि पिंपळनेरनंतर सेलबारीचा घाट आला. घाट उतरला की बागलाण. एकीकडे डाळिंबांच्या बागा, कांद्याची रोपे. दुसरीकडे मुल्हेर आणि साल्हेरच्या किल्ल्यांचा मुलूख. पाण्याअभावी रोपे मान टाकत होती. ताहराबादपासून मात्र दृष्टी शेतावर राहत नाही. दोन सुळके दिसू लागतात, डावा-उजवा कोणता हे कळायच्या आत मन तिकडे ओढले जाते. मांगी आणि तुंगी या दोन्ही शिखरांची उंची समुद्रसपाटीपासून चार हजार तीनशे फुटांहून अधिक आहे.

दिगंबर परंपरेत हे सिद्धक्षेत्र. राम, हनुमान, सुग्रीव, नील, महानील यांच्यासह नव्याण्णव कोटी मुनी इथून मोक्षाला गेले असे निर्वाणकांडात मानले आहे. रामायण घरोघरी ऐकलेल्या मुलांना इथे एक धक्का बसतो. जैन रामकथेत रावणाचा वध रामाच्या हातून होत नाही, लक्ष्मणाच्या हातून होतो. म्हणूनच राम त्याच भवात मुक्त होतात आणि लक्ष्मणाला नरकगती भोगावी लागते. युद्ध न्यायाचे होते की नाही, हा प्रश्न त्या कथेने बाजूला ठेवलेला नाही. तरीही हत्येचे कर्म ज्याचे त्याला दिले आहे. मुलगी बराच वेळ गप्प होती.

संमेलनाच्या मांडवात पोचेपर्यंत तपासणीच्या रांगा, पोलिसांचा बंदोबस्त, धूळ आणि ऊन. जागा मिळाली ती अगदी मागे. राष्ट्रपती व्यासपीठावर आले तेव्हा मुलांना दिसला तो पडद्यावरचा चेहरा. प्रत्यक्षात दूरवर एक पांढरा ठिपका. धाकट्याचा विरस झाला. "हे तर टीव्हीवरही दिसले असते," असे तो म्हणाला, आणि खोटे म्हणाला नाही. संमेलनाच्या प्रेरणास्थानी असलेल्या गणिनीप्रमुख आर्यिका ज्ञानमती माताजींचे दर्शनही लांबूनच झाले. 1934 च्या शरद पौर्णिमेला उत्तर प्रदेशातील टिकैतनगर येथे जन्मलेल्या, वयाच्या अठराव्या वर्षी घर सोडलेल्या या साध्वींनी 1996 मध्ये मांगीतुंगीच्या अखंड पाषाणातून ऋषभदेवांची 108 फुटी मूर्ती घडविण्याचा संकल्प सांगितला. फेब्रुवारी 2016 मध्ये तिची पंचकल्याणक प्रतिष्ठा झाली. वीस वर्षे एका डोंगराशी हट्ट धरून बसणे, ही गोष्ट मूर्तिपूजा न मानणाऱ्यालाही नमवणारी आहे. श्रवणबेळगोळचा बाहुबली 57 फुटांचा; नर्मदेच्या अलीकडे, बडवानीजवळचा बावनगजा 84 फुटांचा.

मुलांना धर्मसभेला नेणे ही आईवडिलांची जुनी हौस आणि जुनी कसोटी आहे, आणि ती केवळ आपलीच नाही. अमेरिकेत मॉर्मन पंथाची कुटुंबे दर एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या आरंभी सॉल्ट लेक सिटीच्या अधिवेशनाला लेकरांसह जातात. तिथले सभागृह सुमारे 21,000 आसनांचे आहे आणि भाषणे तासन्‌तास चालतात. मुले कंटाळू नयेत म्हणून आया सोबत कागद आणि रंग ठेवतात म्हणे. त्याच 2018 च्या एप्रिलमध्ये तेथून बंगळूरुला मंदिर बांधण्याची घोषणा झाली. आपल्याकडे 1893 मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरींना आले. साध्वाचारामुळे समुद्रगमन त्यांना वर्ज्य. म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी या तरुण श्रावकाला तयार करून पाठविले. साधू जिथे जाऊ शकत नाही तिथे श्रावकाने जावयाचे, ही व्यवस्था तेव्हा उपयोगी पडली. पण तिचा दुसरा अर्थही होतो. साधूला जे विकत घ्यावे लागत नाही, विकावेही लागत नाही, ते श्रावकाला विकावे लागते.

तो दुसरा अर्थ त्याच दुपारी पुढे आला. एक वक्ते श्रावकाचारावर बोलत होते. मुलीने हळूच विचारले, "पप्पा, दादी प्रतिक्रमणात पंधरा कर्मादाने म्हणतात, त्यात विषवाणिज्य म्हणजे काय?"

वडिलांना उत्तर ठाऊक होते. श्रावकाने करू नयेत असे पंधरा उद्योग उपासकदशांगात सांगितले आहेत. कोळसा पाडण्यासाठी भट्ट्या लावणे, वने तोडणे, हस्तिदंताचा व्यापार, तळी शोषून कोरडी करणे. त्यांतच विषाचा व्यापार. मुलीने लगेच पुढचे विचारले नाही. ती म्हणाली, "मागच्या वर्षी यवतमाळला फवारणी करताना माणसे मेली. आमच्या बाईंनी वर्गात वाचून दाखवले होते." 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले, ही बातमी नंदुरबारच्या पेठेतही बरेच दिवस बोलली गेली होती.

वडील म्हणाले, "आपण नाही विकले तर शेजारचा विकेल. शेतकऱ्याला औषध लागणारच."

"आपण मिरची घेतो ती फवारलेलीच असते ना?" हा प्रश्न धाकट्याचा. त्याला कुणाची बाजू घ्यावयाची नव्हती; त्याला केवळ ठाऊक करून घ्यावयाचे होते. त्याचे उत्तर वडिलांपाशी नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर मांडवातील कुणापाशी असते असे वाटत नाही. अहिंसेवर बोलणे सोपे पडते ते बहुधा ताटापाशी थांबले की. पेठेत, गादीवर, उधारीच्या वहीत ती शिरू लागली की भाषणे थांबतात.

सूर्यास्तापूर्वी भोजनशाळेत जेवण झाले. मुक्काम धर्मशाळेत. दुसऱ्या दिवशी पहाटे तिघे डोंगराकडे निघाले. मांगीच्या पायऱ्या हजारोंच्या संख्येत आहेत आणि चढ कुठेही दया करीत नाही. मिरचीच्या धुळीत वर्षे काढलेल्या वडिलांना दम लागत होता; मुलगा पुढे पळून वरून हाका मारीत होता. वर कातळात कोरलेल्या गुंफा आहेत, त्यांत महावीर, आदिनाथ, शांतिनाथ, पार्श्वनाथ यांच्या प्रतिमा आहेत. भिंतींवर ओळीने बसविलेल्या लहान मूर्ती शतकांच्या वाऱ्यापावसाने झिजून गेल्या आहेत, इतक्या की काहींचे नाकडोळे उरलेले नाहीत. नव्या भव्य मूर्तीपेक्षा या झिजलेल्या मूर्तींपाशी मुलगी जास्त वेळ उभी राहिली.

इथेच बलभद्रांची गुंफा आहे. श्रीकृष्णांच्या मृत्यूनंतर बलरामांनी त्यांचा देह सहा महिने खांद्यावर वाहिला, शेवटी तुंगीगिरीवर अग्निसंस्कार केला आणि दीक्षा घेतली, अशी कथा. मुनी झाल्यावर ते आहारासाठी गावात येत. एकदा विहिरीवर पाणी भरणारी एक स्त्री त्यांचे रूप पाहून इतकी भान हरपली की दोर घागरीला बांधण्याऐवजी तिने आपल्याच लेकराच्या गळ्यात बांधला. ते पाहून बलभद्र मागे फिरले. पुन्हा गावात पाऊल ठेवले नाही. म्हणून इथली त्यांची प्रतिमा जगाकडे पाठ करून बसलेली आहे, असे सांगतात.

"त्यांनी तर काहीच केले नव्हते," धाकटा म्हणाला.

"म्हणूनच तर गेले," मुलगी म्हणाली.

वडील त्या पाठमोऱ्या मूर्तीसमोर बसले. मूर्तीला नमस्कार करावा की नाही हा स्थानकवासी संकोच त्यांच्या मनात आला असेलच. त्यांनी डोळे मिटून एक नवकार म्हटला, मुलांनी साथ दिली. तुंगीपर्यंत जाणे झाले नाही. ऊन चढले होते आणि दुकानातून तीन फोन येऊन गेले होते.

परतताना पिंपळनेरला चहाला थांबले असता रेडिओवर बातमी होती. राज्यातील 180 तालुक्यांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली होती. चहावाला म्हणाला, यंदा मिरची काय खाणार शेठ. वडील हसले नाहीत.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा दादींच्या प्रतिक्रमणाची वेळ झाली होती. मुलगी हातपाय धुऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसली. एरवी त्या वेळेला वडील गादीवर असत. त्या दिवशी तेही बसले. पंधरा कर्मादाने आली तेव्हा दादींचा आवाज नेहमीसारखाच एका लयीत चालला होता. इतर दोघांचा मात्र एका शब्दापाशी किंचित रेंगाळला.

दिवाळीनंतर कंपनीचा माणूस आला. वडिलांनी विचारले, केवळ बियाणे आणि ठिबकच्या नळ्या ठेवल्या तर? तो म्हणाला, औषधांशिवाय एजन्सी मिळत नाही. मग बोलणे थांबले. गाळा दुसऱ्या कुणीतरी घेतला. रब्बीत ओळखीचे शेतकरी तिथूनच औषध नेऊ लागले, आणि त्यांपैकी दोघांच्या उधारीला जामीन म्हणून नाव वडिलांचेच होते.