खेळ आणि खाडा

'खाडा' या शब्दाचा अर्थ कोशांत पाहूं गेल्यास 'कामावरील गैरहजेरी' एवढाच सांपडेल. परंतु रोजंदारीवरच्या माणसाच्या घरीं तो उच्चारला गेला कीं बुडालेला रोज, मुकादमाची बोलणीं आणि वाण्याच्या वहींतील बाकी हीं सारीं एकदम डोळ्यांपुढें उभीं राहतात. भरपगारी रजेची सोय असलेल्या आम्हां प्राध्यापकमंडळींस या शब्दाची धार सहसा लागत नाहीं. आम्हांस ती कळली ती सातपुरांत, कबड्डीच्या मैदानाच्या कडेला.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाणाऱ्या रस्त्यावरचें सातपूर हें मूळचें शेतकऱ्यांचें गांव. 1962 सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पुढें या गांवच्या शिवारांत कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. कामाच्या शोधांत खानदेशांतून आणि आसपासच्या तालुक्यांतून माणसें आलीं. अशोकनगर, श्रमिकनगर अशा वस्त्या वसल्या. पण भाड्याची खोली मिळाली म्हणजे गांव मिळालें असें होत नाहीं. गांव म्हणजे आपणांस नांवानें हांक मारणारीं चार माणसें. तीं मिळवून देण्याचें काम अशा वस्त्यांतून तरुणांच्या मंडळांनीं केलें. भाद्रपदांत गणपति बसविणारें मंडळच हिवाळ्यांत कबड्डीचा संघ उतरवितें. त्यांतला एखादा गडी लेथवर काम करणारा, एखादा रिक्षा चालविणारा, एखादा कॉलेजांत नांव घातलेला. पाणी शिंपून माती दाबावी, फक्कीनें रेषा आखाव्या, बांबूंवर दिवे टांगावे, कीं मैदान तयार!

आपल्या लहानपणीं हुतूतू म्हणून ओळखला जाणारा हा खेळ आतां किती दूर गेला आहे! 1936 सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिन येथें त्याचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. 1990 सालीं बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याला पदकाचें स्थान मिळालें. 2014 पासून व्यावसायिक लीग सुरू झाली, खेळाडूंचे लिलाव होऊं लागले, आणि 2018 सालीं बोली एक कोटि रुपयांच्या पलीकडे गेली. घरोघरच्या पडद्यावर तीस सेकंदांची चढाई पाहणाऱ्यास वाटावें कीं कबड्डीचें दैन्य फिटलें. परंतु लिलावांत ज्याचें नांव नाहीं, सरकारी नोकरी मिळवून देणारें राज्यपातळीचें प्रमाणपत्र ज्याच्या पदरीं नाहीं, आणि ज्याच्यावांचून मंडळाचे सात गडी भरत नाहींत, त्याचें काय?

असा एक तरुण आमच्या ओळखीचा आहे. आमच्या वर्गांत तो दोन वर्षें होता. पुढें वडील गेले आणि तो एका कारखान्यांत कंत्राटी कामावर लागला. चढाईपेक्षां पकडींत त्याचा हात मोठा. एका स्पर्धेसाठीं त्यानें दोन खाडे केले. उपांत्य सामन्यांत प्रतिपक्षाच्या गड्याचा घोटा धरतांना त्याचा गुडघा दुखावला आणि आणखी आठ खाडे पडले. मंडळानें औषधपाण्यापुरती वर्गणी जमविली. आम्ही समाचारास गेलों तेव्हां त्याच्या आईनें चहा पुढें केला आणि शांतपणें म्हटलें, "सर, कप मंडळाला मिळाला, खाडे घरानं भरले." तिच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता; एक हिशेब तेवढा होता. त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

घरीं परततांना मात्र आम्हांस इंग्लंडांतील एका जुन्या भांडणाची आठवण झाली. रग्बी हा कबड्डीप्रमाणेंच अंगाला अंग भिडवून गडी धरण्याचा खेळ. तो उच्चभ्रू शाळांत वाढला. पुढें यॉर्कशायर आणि लँकेशायर परगण्यांतील गिरणी-कामगार व खाणमजूर तो खेळूं लागले. शनिवारीं सामन्यास जावें तर त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी अशी उत्तरेकडील क्लबांची मागणी होती; पैशानें खेळ विटाळतो असें चालकांचें म्हणणें पडलें. अखेर 29 ऑगस्ट 1895 रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत वीसांहून अधिक क्लब एकत्र आले आणि वेगळे झाले. त्यांनीं मान्य केलेली भरपाई होती दिवसाला फार तर सहा शिलिंग, केवळ खाड्याची! त्या फुटींतूनच रग्बी लीग हा निराळा खेळ जन्मास आला. 1907 सालीं सिडनींतही एका जखमी खेळाडूच्या बुडालेल्या मजुरीवरून तेंच झालें. आणि तेथून तो खेळ ऑस्ट्रेलियाच्या खेड्यापाड्यांत असा पसरला कीं लहान लहान गांवांचे क्लब शेजारच्या गांवाशीं चुरशीनें खेळूं लागले.

'खेळ खेळासाठीं' हें सुभाषित इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्याकडे आलें आणि सुशिक्षितांच्या तोंडीं रुळलें. त्यांत उदात्तपणा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ज्याचें उत्पन्न खेळाच्या दिवशींही चालू राहतें त्यानें तें ज्याचें थांबतें त्यास ऐकवावें, यांत उदात्त असें कांहीं नाहीं. निरपेक्ष खेळाडू पाहावयाचा असेल तर तो त्या मातींतच आहे. त्याची निरपेक्षता कोणाच्या चुलीवर चालते एवढेंच आपण विचारीत नाहीं.

आमची सूचना साधी आहे. स्पर्धांना कारखानदार आणि पुढारी मोठमोठे चषक देतात. त्याऐवजीं आपल्या कामगारांतील खेळाडूंना, मग ते कंत्राटी कां असेनात, सामन्यांपुरती भरपगारी रजा द्यावी. मंडळांनीं बक्षिसाच्या रकमेंतून मिरवणुकीचा खर्च काढण्याआधीं खाड्यांची भरपाई काढावी. जखमी गड्याचा विमा उतरवावा. यांतलें कांहींच सहा शिलिंगांहून फार मोठें नाहीं. त्यानें कोणी श्रीमंत होणार नाहीं आणि खेळ तर मुळींच विटाळणार नाहीं. पुढील हिवाळ्यांत अशा मैदानाच्या कडेला आमचे वाचक उभे राहिले, आणि एखाद्या देखण्या पकडीला टाळी देतांना त्या माउलीचा हिशेब त्यांनीं मनांत धरला, तरी पुष्कळ झालें.